नेट गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं?

आमच्या देवगड तालुक्यात जून लागला की नेट जाण्याचे दिवस सुरू होतात. वारा सुटतो, फांदी पडते, खांब कलतो, लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि या सगळ्यात कधीतरी कॉम्प्युटरवरचं पान अर्ध्यावर थांबतं. मी सातबारा, आठ-अ, निरनिराळे दाखले आणि आंबा-काजूच्या विम्याचे अर्ज ऑनलाइन करून देण्याचं केंद्र चालवते. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं वाडीवाडीतून एस.टी.नं आलेली असतात. दुपारची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी. पान थांबलं की बाकावरून हमखास विचारणा होते, "बाय गो, सर्वर इलो काय? थांबू की जाव?"

त्या विचारण्यातला दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. थांबू की जाऊ? 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर कुठल्याही काउंटरवर मिळतं, पण त्यातून समोरच्या म्हाताऱ्या माणसाला काहीच ठरवता येत नाही. राउटर अडकला असेल तर काम पाच मिनिटांत होईल. पोर्टलचा सर्व्हर बसला असेल तर तासाभरात उठेल, कदाचित उद्या. आणि फायबर तुटली असेल तर आज काही होत नाही, गाडी पकडलेली बरी. तिन्ही वेळा पडदा अगदी सारखा दिसतो. मी नेटवर्किंग शिकायला बसले ते या एका उत्तरासाठी. सर्टिफिकेट नको होतं, नोकरी बदलायची नव्हती. बाकावरच्या माणसाला खरं काय ते सांगता यावं, एवढंच हवं होतं.

शिकणं मोबाइलवरच्या हिंदी-मराठी व्हिडिओंपासून सुरू झालं. बहुतेकांचा पहिला धडा एकच: नेटवर्कचं काम सात थरांत मांडून दाखवणारं ओएसआय मॉडेल, त्याचे सात थर वरून खाली आणि खालून वर पाठ करा. १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलेली ती मांडणी विचाराला शिस्त लावते, हे मी मानते. पण ज्यानं अजून स्वतःच्या मशिनचा पत्ता डोळ्यांनी पाहिलेला नाही त्याच्या हातात आधी सात नावं ठेवणं मला पटत नाही. माझ्याकडे सुट्टीत बसायला येणाऱ्या मुलींना मी उलटीकडून शिकवते. काळी खिडकी, म्हणजे विंडोजची कमांड प्रॉम्प्ट, उघडा, आयपीकॉन्फिग टाइप करा, एंटर मारा, आणि समोर येतील त्यातले तीन आकडे वहीत उतरवून घ्या. माझ्या वहीत ते असे आहेत: आयपी पत्ता १९२.१६८.१.३७, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, आपला राउटर, १९२.१६८.१.१. या तीन ओळी नीट वाचता आल्या की निम्मं काम झालं, असं माझं मत आहे.

चार आकडे, मध्ये टिंबं, आणि एकही आकडा २५५ च्या वर जात नाही. का जात नाही, हे कळायला द्विमान पद्धतीशी बसावं लागतं. प्रत्येक आकड्याला आठ बिटं, म्हणजे आठ जागा, आणि दर जागेत शून्य किंवा एक. जागांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आठही जागी एक आला की बेरीज २५५, त्याच्या पुढे जागाच नाही. १९२ म्हणजे १२८ आणि ६४, बाकी रिकामं: ११००००००. १६८ म्हणजे १२८, ३२ आणि ८: १०१०१०००. केंद्रात फुकट गेलेल्या फॉर्मांचे पाठकोरे कागद ढिगानं असतात. रात्री जेवणं झाली की मी त्यांच्यावर हे मांडत बसायचे. शाळेत गणित आवडायचं, नंतर बी.कॉम. केलं, पुढे संसारात ते मागे पडलं. इतक्या वर्षांनी आकड्यांना हात लागला आणि मन खरोखर रमलं. चार आकड्यांची मिळून ३२ बिटं. त्यातून एकंदर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी ७९१ या, इंटरनेटचे नियम नोंदवणाऱ्या मालिकेतल्या दस्तऐवजात हा हिशोब पक्का झाला. जगाची लोकसंख्या तेव्हाही याहून थोडी जास्तच होती. पण त्या वेळी कॉम्प्युटर विद्यापीठांत आणि लष्करात असायचे, घराघरांत आणि खिशाखिशांत नव्हे.

पत्त्याचे दोन भाग असतात, ही गोष्ट मात्र मला व्हिडिओतून कळेना. ती उमगली पिनकोडमुळे. दिवसभर अर्जांवर मी तोच लिहीत असते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संचार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतमध्ये कविता लिहिणारे. देवगडचा पिन ४१६६१३, मालवणचा ४१६६०६. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल जिथे वेगळं काढलं जातं तो जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे त्या जिल्ह्यातलं आपलं पोस्ट. दिल्लीत टाकलेलं पत्र वेगळं करणाऱ्या माणसाला देवगड समुद्रकाठी आहे की डोंगरात, हे ठाऊक असायची गरज नाही. त्यानं सुरुवातीचे आकडे पाहून पिशवी ठरवायची. पुढचं पुढची माणसं बघतील.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. ४१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गासोबत कोल्हापूर आणि सांगलीही आहेत, मध्ये अख्खा सह्याद्री उभा असताना. आमच्या उत्तरेची रत्नागिरी ४१५ मध्ये, साताऱ्याच्या जोडीला. आणि बांद्याच्या पलीकडे लगेच सुरू होणारा गोवा ४०३. म्हणजे या आकड्यांत डोंगर-नद्यांचा नकाशा नाही. टपाल कुठल्या वाटेनं येतं, ते त्यांत आहे. आयपी पत्त्याचे सुरुवातीचे आकडेही वाटच सांगतात, गाव सांगत नाहीत. म्हणून मी इथे खाडीकाठी बसलेली असताना एखादी वेबसाइट मला मुंबईत आहे असं समजून तिथल्या हवामानाचा अंदाज दाखवते. तिला मी दिसत नाही. माझ्या कंपनीला मिळालेला पत्त्यांचा गठ्ठा दिसतो आणि तो मुंबईच्या वाटेचा असतो.

पिनकोडात तीन आकडे वाटेचे आणि तीन पोस्टाचे, हे कायमचं ठरलेलं आहे. आयपीत ही सीमा हलते. ती कुठे आहे हे सांगणारी ओळ म्हणजे सबनेट मास्क. २५५.२५५.२५५.० म्हणजे सुरुवातीची २४ बिटं जाळ्याची आणि उरलेली ८ त्या जाळ्यातल्या एकेका यंत्राची. आठ बिटांत २५६ पत्ते. त्यातला पहिला जाळ्याचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा, म्हणून वापरायला २५४. पूर्वी ही सीमा ८, १६ किंवा २४ बिटांवरच ठेवता यायची. कुणाला पाचशे पत्ते हवे असले तर २५४ अपुरे, म्हणून थेट ६५ हजारांचा गठ्ठा द्यावा लागे आणि बाकीचे पडून राहत. १९९३ मध्ये ही अट गेली आणि सीमा कुठल्याही बिटावर ठेवता येऊ लागली.

सीमा हलवून पाहिल्याशिवाय ती कळत नाही, म्हणून एक उदाहरण मी प्रत्येकीला करायला लावते. मास्क २५५.२५५.२५५.१९२ करा. आता २६ बिटं जाळ्याची, ६ यंत्राची. सहा बिटांत ६४ पत्ते. त्यामुळे पत्ते ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होणाऱ्या चार तुकड्यांत विभागले जातात. माझा कॉम्प्युटर ३७, तो पहिल्या तुकड्यात. प्रिंटरला ७० दिला तर तो दुसऱ्यात. दोघं एकाच टेबलावर, यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या एकाच डब्याला, स्विचला, जोडलेले, तरी कॉम्प्युटर प्रिंटरला परका समजेल आणि त्याचा निरोप थेट न देता राउटरकडे सोपवेल. कारण कुठलंही यंत्र काही पाठवण्याआधी एकच गोष्ट तपासतं: समोरचा माझ्या जाळ्यातला आहे की बाहेरचा? मास्क लावून दोघांचा जाळ्याचा भाग काढायचा आणि ताडून पाहायचा. सारखा आला तर थेट द्यायचं, वेगळा आला तर गेटवेच्या हवाली करायचं. देवगडपासून थेट अमेरिकेपर्यंत वाटेतलं प्रत्येक यंत्र आपापल्या जागी हाच निवाडा करतं. पुढची सगळी वाट कुणालाच माहीत नसते, फक्त पुढचा टप्पा माहीत असतो. हे समजलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. इतक्या साध्या प्रश्नावर एवढं मोठं जग चाललंय, याचा आनंद होता तो.

घरातल्या घरात थेट देतानाही आयपी पुरत नाही. यंत्रातल्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच मिळालेला ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. त्यासाठी यंत्र जाळ्यात सगळ्यांना विचारतं, १९२.१६८.१.१ कोणाचा? ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो. डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून ठेवलेली ही रीत, एआरपी, आजही माझ्या टेबलावर दिवसभर चालू असते. काळ्या खिडकीत एआरपी आणि पुढे वजा ए लिहिलं की मिळालेल्या उत्तरांची यादी दिसते. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून यंत्र बनवणारी कंपनीही शोधता येते.

प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते, कारण पावसाळ्यात छोट्या कार्यालयांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. लाइट जाऊन आली की सगळं सुरू होतं, नेट चालतं, पण प्रिंट निघत नाही. प्रिंटर बंद-चालू करा, केबल काढून लावा, काही उपयोग नाही. मेकॅनिकला कणकवलीहून बोलवा, तो येईपर्यंत दिवस गेला. कारण असं असतं: यंत्रांना पत्ते वाटायचं काम राउटर डीएचसीपी नावाच्या पद्धतीनं करतो. यंत्र सुरू झालं की ते पत्ता मागतं, राउटर देऊ करतो, यंत्र हाच हवा म्हणतं, राउटर मंजूर करतो. हा पत्ता मुदतीवर असतो, कायमचा नाही. बरेचसे घरगुती राउटर लाइट गेल्यावर ही वाटपाची नोंद विसरतात. मग लाइट आल्यावर जो आधी जागा होईल त्याला आधीचा पत्ता. कालपर्यंत प्रिंटरचा असलेला पत्ता आज कुणाच्या तरी फोनला गेलेला असतो, आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्या पत्त्यावर सातबारा पाठवत राहतो. उपाय फुकटचा आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे एक आयपी राखून ठेवायचा. किंवा राउटरला वाटायला १०० ते २०० एवढेच पत्ते द्यायचे आणि प्रिंटरला स्वतःहून ५० नेमून टाकायचा. एकदा केलं की वादळ येवो, पाऊस येवो, प्रिंटर आपल्या पत्त्यावर असतो. गावातल्या सोसायटीत, शाळेत, दवाखान्यात मी हे करून दिलं आहे आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी मनापासून समाधान मिळालं आहे.

डीएचसीपीचा आणखी एक उपयोग असा की तो बिघाडाची जागा दाखवतो. राउटरकडून उत्तरच आलं नाही तर विंडोज स्वतःला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता देऊन टाकतो. आयपीकॉन्फिगमध्ये तो आकडा दिसला की समजायचं, बाहेरचं जग राहू दे, आपण अजून आपल्या राउटरपर्यंतसुद्धा पोचलेलो नाही. केबल सैल असेल, वाय-फाय तुटलं असेल, किंवा राउटरच गोठला असेल. बाकावर सांगायचं, थांबा.

आता मुद्द्याचं, पान थांबल्यावर मी काय करते ते. जवळून लांब जायचं, हा नियम. सगळ्यात आधी फायबरच्या डब्याकडे नजर टाकायची. एलओएसचा दिवा लाल असेल तर पुढे काही तपासायचं कारण नाही. काचेच्या धाग्यातून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे वाटेत तो तुटलाय, वाकलाय किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. फायबर जोडणाऱ्या दादाला फोन. दिवा ठीक असेल तर पिंग. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम; तो समोरच्या यंत्राला हाक देतो आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. पहिली हाक १२७.०.०.१ ला. हा पत्ता प्रत्येक यंत्रात स्वतःचा स्वतःसाठी असतो. तिथून ओ आली की आपल्या मशिनमधली नेटची व्यवस्था धड आहे. दुसरी हाक गेटवेला, १९२.१६८.१.१. इथे ओ आली म्हणजे घरातलं जाळं ठीक. तिसरी हाक बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. तिथून ओ आली तर नेट गेलेलंच नाही, कुणी काहीही म्हणो.

तरीही पान उघडत नसेल तर नावांकडे वळायचं. यंत्रांना आकडे कळतात, आपण नावं लिहितो. ही जुळणी पूर्वी एका फाइलमध्ये असायची. अमेरिकेतली एक संस्था ती सांभाळायची आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली, ते झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं. आकड्याला हाक दिली तर ओ येते, नावाला दिली तर यंत्र म्हणतं असं कुणी माहीत नाही: असं झालं की कंपनीचा डीएनएस बसलेला असतो. सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस भरला की मिनिटात काम सुरू. आणि नावही सापडतंय, बाकी सगळ्या साइट उघडताहेत, फक्त ते एकच पोर्टल उघडत नाही, तेव्हा आणि तेव्हाच मी सांगते की सर्व्हर डाऊन आहे. एक सावधगिरी मात्र हवी. सुरक्षेसाठी अनेक सर्व्हर पिंगला ओ देतच नाहीत. तिथे शांतता म्हणजे बिघाड असं धरून चालत नाही, ब्राउझरमध्ये पान उघडूनच पाहावं लागतं.

हे सगळं वाचायला लांबलचक, करायला एका मिनिटाचं. आणि त्या मिनिटानंतर मी बाकाकडे वळून म्हणू शकते, "थांबा आजी, धा मिनटां. फायबर बरी आसा." किंवा सरळ सांगते, "आज जावा, यष्टी चुकवू नकात. वायर तुटली हा, मी उद्या फोन करतंय." आजी उठतात, छत्री घेतात, जातात. कुणी चिडत नाही. माणसं वाट बघायला तयार असतात. त्यांना त्रास होतो तो कशाची वाट बघतोय हे न कळण्याचा.

ट्रेसराउट ही या शिकण्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. निरोप छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत, जातो आणि पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, टीटीएल. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकनं कमी करतो. शून्य झाला की पॅकेट तिथेच टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. हा नियम पॅकेटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून केलेला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा वेगळाच उपयोग केला: पहिलं पॅकेट मुद्दाम १ लिहून पाठवायचं, दुसरं २, तिसरं ३. एकेका टप्प्यावरचा राउटर आपला पत्ता कळवत जातो आणि सगळी वाट ओळीनं पडद्यावर उभी राहते. माझी पहिली ओळ घरचा राउटर, मग कंपनीचे एकदोन आतले पत्ते, मग मुंबईचं लघुरूप नावात असलेले राउटर, आणि तिथून पुढे. शेजारणीच्या घरी दुसऱ्या कंपनीचं नेट आहे. तिच्या कॉम्प्युटरला माझ्याकडून काही पाठवलं तर ते कुंपण ओलांडून जात नाही. दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतात तिथपर्यंत ते जातं आणि परत येतं. अशा देवाणघेवाणीसाठी भारतात २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली, तिचं एक केंद्र मुंबईत आहे. नारळाच्या दोन झाडांमधलं अंतर मुंबईवरून कापायचं, हे मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण फायबरमधला प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन काही मिलिसेकंदांचा प्रश्न.

अन्याय आहे तो वेगळ्या ठिकाणी. इंटरनेटची थोरवी सांगताना सगळे सांगतात की एक वाट बंद पडली तर ते दुसरी शोधतं. खरं आहे, पण दुसरी असेल तर. शहरांच्या मध्ये वाटा अनेक. आमच्या गावापर्यंत येणारी फायबर एकच, खांबाखांबावरून, आंब्या-फणसाच्या फांद्यांतून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांबच आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. पत्ता, मास्क, गेटवे सगळं बरोबर असून उपयोग नव्हता. म्हणून दुसरी वाट आपणच ठेवावी लागते. माझ्याकडे वेगळ्या कंपनीच्या सिमचा फोरजी राउटर आहे, इन्व्हर्टरवर. फायबर गेली की गेटवे बदलतो, बाकी सगळं तसंच. ज्या गावात माणसांचे दाखले आणि विम्याच्या मुदती नेटवर अवलंबून आहेत तिथे ही दुसरी वाट एखाद्या केंद्रचालिकेनं आपल्या खिशातून नव्हे, तर योजना आखणाऱ्यांनी आधीच ठेवायला हवी, असं मी ठामपणे म्हणेन.

आणखी एक प्रश्न आमच्याकडे हल्ली वारंवार येतो, आणि तो कोकणाचाच आहे. गावातली निम्मी घरं वर्षभर कुलपात. चाकरमानी मुंबई-ठाण्यात, गणपतीला आणि मे महिन्यात येणार. हल्ली ते जाताना पडवीत कॅमेरा लावून जातात. असेच एक काका सुट्टीत माझ्याकडे आले. राउटरच्या पानावरून त्यांनी पत्ता लिहून नेला होता, मुंबईहून तो टाकून कॅमेरा दिसत नव्हता. पत्ता होता १९२.१६८.१.६४. मी त्यांना माझा दाखवला, शेजारणीचा दाखवला. सगळे १९२.१६८.१ नंच सुरू होणारे. कारण १९९६ च्या आरएफसी १९१८ नं काही पत्ते घरगुती वापरासाठी मोकळे सोडलेत: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. कुणीही आपल्या घरात वापरावे, बाहेरच्या रस्त्यावर ते चालत नाहीत. बाहेर जाताना राउटर आपला पत्ता पुढे करतो, आतला कोण काय मागत होता याची नोंद ठेवतो, उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. ही नॅटची पद्धत नसती तर ४२९ कोटी पत्ते कधीच संपले असते. तशीही मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले.

"मग राउटरचा बाहेरचा पत्ता दे," काका म्हणाले. तो पाहिला तर १०० नं सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखले गेले. म्हणजे राउटरलाही खरा बाहेरचा पत्ता नाही. कंपनी शेकडो घरांना एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवते. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कुणी पोचू शकत नाही, कारण एका पत्त्यामागच्या कुठल्या घरात जायचं हे ठरवायला नोंदच नसते. मग कॅमेऱ्याच्या कंपनीच्या ॲपमधून पडवी कशी दिसते? कॅमेरा स्वतःहून त्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतो, मुंबईतला फोनही त्याच सर्व्हरकडे जातो, आणि तिथे दोघांची गाठ पडते. काकांना हे पटलं, पण ते गप्प झाले. "म्हणजे आमची पडवी आधी तेंचा सर्वर बघता?" मी हो म्हटलं. चित्र बंदिस्त होऊन जात असलं तरी वाट तिथूनच असते, हे माहीत असणं बरं. तुळशीपुढचा कॅमेरा चालेल, माजघरातला नको, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आम्ही तिथल्या तिथे बदलला.

हा पत्त्यांचा तुटवडा कायमचा मिटवणारं उत्तर आयपीव्ही६. १२८ बिटं, एकूण पत्त्यांची संख्या ३९ अंकी. ० ते ९ आणि ए ते एफ अशा चिन्हांत लिहिलेले लांब पत्ते पाहून मुली आधी घाबरतात, पण जाळ्याचा भाग आणि यंत्राचा भाग इथेही आहेच, बहुतेक घरांत सीमा बरोबर मध्यावर, ६४ बिटांवर. भारतात मोबाइलवर हे मोठ्या प्रमाणात आलंय. बाकावरच्या आजींच्या नातवाच्या फोनला आज असा पत्ता असतो आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो. फायबरवरही ते येऊ लागलंय. तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगातून थेट पोचता येण्याजोगा स्वतःचा पत्ता मिळतो. काकांच्या कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानं सुटू शकतो, पण नॅटच्या आड आपोआप मिळणारं थोडं संरक्षणही जातं. मग कोणाला आत येऊ द्यायचं हे राउटरच्या फायरवॉलनंच ठरवायचं. सध्या मी याच भागावर आहे. पॅकेट ट्रेसर नावाच्या सरावाच्या प्रोग्राममध्ये छोटी जाळी मांडून, एकेक पॅकेट कुठे अडतं ते पाहत. आणि गावात कुणीही राउटर बघायला बोलावलं, मग काम वाय-फायचा पासवर्ड बदलण्याचं का असेना, तर आधी आयपीव्ही६ चं पान उघडून फायरवॉल चालू आहे ना ते बघते.